नरसीचे नामदेव आणि पाषाणातील दैवत

संत नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्ये, कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. इसवी सनाचे ते १२७० वे वर्ष होय. कयाधू नदीच्या काठचे नरसी हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. ते आज हिंगोली जिल्ह्यात असून नरसी नामदेव याच नावाने ओळखले जाते. प्रत्यक्ष जन्म नरसीस झाला की पंढरपुरास, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु कुळाचे मूळ नरसीचे, याविषयी परंपरा ठाम आहे. वडील दामाशेटी हे शिंपी. माता गोणाई. पोटी पुत्र नाही म्हणून गोणाईने देवास नवस बोलला आणि त्या नवसाचे फळ म्हणजे नामदेव, असे परंपरा सांगते. पुढे ज्या महापुरुषाने नवससायासाचा फोलपणा गावोगाव सांगितला, त्याच्या जन्मकथेचा आरंभ नवसाने व्हावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नवस हा त्या काळच्या मातेला श्वासाइतका सहज होता.

त्या काळचे नरसी, औंढा, कळमनुरी, बासंबे हे सारे रान देवतांनी भरलेले होते. पिंपळावर मुंज्या, डोहात साती आसरा, शिवेवर म्हसोबा, मसणवटीत वेताळ, गावकुसाबाहेर मरीआई. शेताच्या बांधावरच्या दगडास शेंदूर लागला की त्या दगडात कोणीतरी राहावयास आले, असे कुणब्याचे मन मानी. पाऊस ओढ देई, पटकी येई, बाळंतीण दगावे, बैल अचानक बसे. या प्रत्येक आपत्तीमागे कोणाचा तरी कोप असलाच पाहिजे, ही त्या श्रद्धेची रीत. मग भगताला बोलवावे, त्याच्या अंगात यावे, त्याने कौल द्यावा, उतारा टाकावा, कोंबडे किंवा बोकड कापावे, मरीआईचा गाडा शिवेपार लोटून द्यावा. टायलर नावाच्या इंग्रज पंडिताने १८७१ साली या समजुतीचा जगभरचा विस्तार एका मोठ्या ग्रंथात मांडला. झाड, पाणी, दगड, वारा यांत चेतन सत्ता नांदते, असे मानणाऱ्या या श्रद्धेस मराठीत जडप्राणवाद म्हणतात. पंडितांना ती मानवाच्या बाल्यावस्थेची खूण वाटली. कयाधूच्या काठी मात्र ती कोणा आदिमानवाची गोष्ट नव्हती. ती शेजारघरची होती आणि कित्येक गावांत अद्यापि आहे.

खेड्यातील माणसे दगडास शेंदूर लावीत आणि देवगिरीचे विद्वान मात्र शुद्ध ब्रह्मज्ञानात रमत, असेही चित्र नव्हते. यादव राजांचा करणाधिप हेमाद्री याने चतुर्वर्गचिंतामणी या प्रचंड ग्रंथाच्या व्रतखंडात सुमारे दोन हजार व्रते सांगितली. वर्षाचे दिवस तीनशे साठ, व्रते दोन हजार! कोणत्या तिथीस कोणते दैवत, कोणते दान, कोणते उद्यापन, हे सारे तेथे संस्कृतात बांधलेले आहे. खालचा उतारा आणि वरचे उद्यापन यांत भाषेचा व खर्चाचा भेद मोठा असला, तरी व्यवहार एकच होता : काही द्यावे आणि काही मिळवावे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले ते इ. स. १२७४ च्या सुमारास. नामदेव तेव्हा तीन-चार वर्षांचे बालक होते. स्वामींच्या निरूपणात या देवतांचा विचार किती सविस्तर आला आहे, हे साधकांस ठाऊकच आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र. त्यांतील देवता नित्यबद्ध. देवताचक्राची गणना ८१ कोटी १ लाख २५ हजार १० इतकी सांगितलेली असून तिची सर्वांत खालची पायरी कर्मभूमीच्या देवतांची आहे. पिंपळावरचा मुंज्या काय आणि डोहातील आसरा काय, विचाराच्या सोयीसाठी त्यांचे स्थान याच पायरीशी लावावे लागते. स्वामींनी या देवता नाहीत असे म्हटलेले नाही. त्या आहेत, त्यांना त्यांच्या परीने फळ देण्याचे सामर्थ्यही आहे. परंतु ते फळ सरणारे आहे आणि मोक्ष देणे त्यांच्या अधिकारात नाही. जे स्वतःच बांधलेले, ते दुसऱ्याचे बंधन कसे तोडणार? स्वामींनी स्वतः गावोगावच्या देवळांत अवस्थान केले, तेथे निद्रा केली, भोजन केले, निरूपण केले. देऊळ भैरवाचे आहे की नरसिंहाचे, याने त्यांना काही बाधले नाही. मात्र देवतेपुढे त्यांनी काही मागितले नाही, आणि अनुसरलेल्यांनाही मागू दिले नाही. नामदेवांच्या चरित्राकडे पाहताना हे प्रमेय हाताशी असावे. कारण त्यांचा मार्ग येथून काही अंतर बरोबर चालतो आणि मग वेगळा होतो.

दामाशेटींच्या घरी नित्य नियम असा, की विठ्ठलास नैवेद्य दाखवून मग जेवावे. एके दिवशी वडील गावाला गेले आणि ताट घेऊन लहान नामदेव देवळात गेला. ताट पुढे ठेवले, वाट पाहिली, देव जेवेना. मुलाला वाटले, आपलेच काही चुकले. तो रडू लागला, डोके आपटून घेण्याची भाषा करू लागला, तेव्हा देवाने नैवेद्य खाल्ला. ही कथा कीर्तनांतून शेकडो वेळा रंगविली गेली आहे आणि ऐकणारे तिच्यातील चमत्कारावरच थांबतात. वास्तविक तिच्यातील पेच चमत्कारापूर्वीचा आहे. मोठी माणसे ताट दाखवीत, क्षणभर डोळे मिटीत आणि तेच ताट घरी आणून जेवीत. देव जेवत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, तरी त्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. त्या देवळात विधीचा अर्थ खरा मानणारा एकटा तो मुलगा होता. विधी चालू राहतो आणि त्याचा अर्थ मात्र कधीच निघून गेलेला असतो, ही गोष्ट या बालकथेत जितकी स्पष्ट दिसते तितकी मोठ्या प्रकरणग्रंथांतही क्वचित दिसते.

नामदेव वाढले, राजाईशी विवाह झाला; नारा, विठा, गोंदा, म्हादा हे पुत्र आणि लिंबाई ही कन्या झाली. दासी जनाबाईसह घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि कर्ता पुरुष देवळात. गोणाई आणि राजाई यांची गाऱ्हाणी त्यांच्या नावावरील अभंगांत आहेत. ती वाचताना संतचरित्राला सहसा न चिकटणारी चुलीची धग लागते. संसाराची वाताहत ही या कथेची खरी बाजू आहे. ती झाकण्याचे कारण नाही.

पुढे ज्ञानदेवादी भावंडांची भेट झाली. गोरोबा कुंभारांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहिले. इतर सारे गप्प बसले, नामदेव रागावले. मडके कच्चे ठरले. देव ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचे जेवतो, तो कच्चा कसा? हा अपमान मनात घेऊन ते गुरूच्या शोधास निघाले आणि आपल्याच मुलखात आले. नरसीहून फार दूर नसलेल्या औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर होते, असे लोकपरंपरा मानते. काहींच्या मते ही भेट बार्शीस झाली. नामदेव पाहतात तो एक म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून स्वस्थ निजलेला. नामदेवांनी दोष दिला, तेव्हा म्हाताऱ्याने सांगितले की जेथे देव नसेल तेथे हे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले. जेथे ठेवावेत तेथे लिंग दिसू लागले. विसोबांनी पुढे जो उपदेश केला त्याचे सार असे, की पाषाणाचा देव बोलत नाही, तो बोलतो असे सांगणारा आणि ते मानणारा असे दोघेही फसतात, आणि तीर्थाच्या ठिकाणी दगड व पाणी यांवाचून काही नाही.

औंढ्याचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रसंगाचे नेपथ्य सहज कळेल. गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून, जवळजवळ रांगत खाली उतरावे लागते. आत अंधार, दिव्याचा धूर, दाटी. दैवत भूमीच्या पोटात वसते ही भावना ज्या ठिकाणी अंगावर येते, नेमके त्याच ठिकाणी विसोबांनी पाय पसरले. याच देवळाची दुसरी कथाही सर्वश्रुत आहे. नामदेव देवळापुढे कीर्तन करू लागले तेव्हा पुजाऱ्यांनी त्यांना मागे घालविले. ते मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मागच्या बाजूस आहे, त्याची उपपत्ती लोक या कथेने लावतात. इतिहासाच्या दृष्टीने ती कशीही असो. देवापुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे लोकांनी दिलेले हे उत्तर आहे.

नामदेवांच्या नावे आणखी एक आख्यान प्रचलित आहे. ते प्रथम वाटमारे होते, वधलेल्या स्वाराच्या विधवेचा आकांत ऐकून त्यांना पश्चात्ताप झाला, आणि औंढ्याच्या देवापुढे त्यांनी आपल्या मानेवर शस्त्र चालविले, असे त्यात आहे. बहुतेक अभ्यासक हे आख्यान मानीत नाहीत आणि न मानणेच योग्य. नामदेव गाथेत पुढील काळच्या विष्णुदास नामा आदी कवींची रचना मिसळली आहे, हे ध्यानी ठेवावे लागते. तथापि हे आख्यान कोणाला तरी सुचले, यालाही अर्थ आहे. पाप धुवायचे तर दैवतापुढे रक्त सांडले पाहिजे, ही बोकड कापणाऱ्या गावाची समजूत संतकथेतही शिरू पाहते.

विसोबांचा उपदेश आणि सर्वज्ञांचे निरूपण यांतील अंतर येथे उघड होते. दगड हा दगडच, त्यात कोणी नाही, असे विसोबा सांगतात. आणि लगेच, देव नाही असे स्थळच नाही, असेही सांगतात. हे अद्वैत आहे. स्वामींच्या शास्त्रात प्रपंच हा परमेश्वर नव्हे, आणि पाषाणही परमेश्वर नव्हे. परमेश्वर कृपाळूपणे मनुष्यवेष स्वीकारून येतो आणि त्याच्या संबंधाने वस्तू पवित्र होते. म्हणून ऋद्धपूरच्या वाटेवरील ओट्यास साष्टांग नमस्कार घालणारा महानुभाव आणि म्हसोबास शेंदूर लावणारा कुणबी दुरून सारखेच दिसतात. दोघांपुढेही दगडच असतो. पंथाबाहेरच्या लोकांनी हा आक्षेप वारंवार घेतला आहे, आणि तो केवळ रागावून परतविता येणार नाही. कुणब्याच्या दृष्टीने दगडात कोणीतरी आहे आणि ते पाहत आहे, म्हणून तो भितो. साधकाच्या दृष्टीने येथे प्रभू बसले होते, म्हणून तो आठवतो. प्रभूंच्या पश्चात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक हे चार आधार मानले गेले, ते या आठवणीसाठी. मुनी कोठी यांनी चौदाव्या शतकात स्थानपोथीत एकेक स्थान, त्याची दिशा आणि तेथली खूण नोंदवून ठेवली, तीही आठवण बुजू नये म्हणून.

हा भेद ग्रंथात निर्मळ आहे. ओट्यापाशी तो तितका निर्मळ राहत नाही. पंथाच्या काही स्थानी बाधा झालेली माणसे आणली जातात. ती घुमतात, किंचाळतात, लोळण घेतात. घरचे लोक आशेने महिनोन्महिने तेथे राहतात. त्यांचे दुःख खरे असते, आणि दुसरीकडे कोठे आसरा मिळाला नाही म्हणूनच ती येतात. त्यांना घालवून देणे हे प्रभूंच्या वृत्तीला साजणारे नव्हे. परंतु त्या गर्दीत ओटा हा बलवत्तर म्हसोबा होऊन बसतो, आणि उपहाराचे ताट नवसाची फेड होते. नमस्कार तोच राहतो, ताट तेच राहते. आतले निघून जाते. दामाशेटींच्या ताटाचे जे झाले होते तेच.

नामदेवांच्या उपास्याविषयीही येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. विठ्ठल नावाचा एक वीर गाईंच्या रक्षणासाठी लढता लढता पडला, त्याच्या स्मरणार्थ भडखांब उभारला गेला आणि पुढे त्यालाच लोक देव म्हणून पुजू लागले, असे निरूपण लीळाचरित्रात आहे. पंथीयांस ते परिचित आहे. वारकरी बंधूंना ते रुचत नाही, हेही उघड आहे. मराठवाड्याच्या गावागावांत वीरगळ आहेत. त्यांवर कोरलेला लढणारा पुरुष, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहूनही वर शिवपूजा. त्यांपैकी कित्येकांना शेंदूर लागून ते ग्रामदेव झाले आहेत. मृत वीराचा आत्मा दगडात राहून गावाची राखण करतो, या श्रद्धेचा उगम ओळखण्यात सर्वज्ञांची दृष्टी किती अचूक होती, हे वीरगळ पाहिले की पटते. आधुनिक संशोधकांतही विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधणारा पक्ष आहे. तथापि एवढ्याने नामदेवांचा निकाल लागत नाही. ज्या दैवताचे मूळ असे असेल, त्याच्याकडे नामदेवांनी गाईगुरांची राखण मागितली नाही, पीक मागितले नाही, रोग निवारण मागितले नाही. घरात अन्न नसतानाही मागितले नाही, ही राजाईची तक्रारच होती. त्यांनी नाव घेण्याची मोकळीक तेवढी मागितली. दैवताच्या स्वरूपाविषयी शास्त्र आपला निर्णय देते आणि तो बदलत नाही. पण भक्ताच्या मागणीत काय नव्हते, हेही शास्त्राच्या अभ्यासकाने पाहावे.

ज्ञानदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा ते जवळ होते, आणि त्या सोहळ्याचे वर्णन त्यांच्या नावावर आहे. त्यानंतरचे नामदेव हे कीर्तनकार नामदेव. जाखाई जोखाई इत्यादी उदंड दैवतांच्या मागे लागून माणूस व्यर्थ शिणतो, अंतकाळी त्यांतील कोणी सोडवीत नाही, हा विचार त्यांच्या अभंगांत आहे. उपदेशाची भाषा तिखट आहे; पण त्यांनी नुसते खंडन केले असते तर कयाधूकाठच्या कुणब्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले असते. उतारा टाकू नको म्हटले, तर आजारी लेकराच्या आईने त्या रात्री करावे तरी काय? नामदेवांनी तिला टाळ दिला. कीर्तनास भगत लागत नाही, बोकड लागत नाही, मुहूर्त लागत नाही, संस्कृतही लागत नाही. हाही एक विधीच; परंतु त्यात देवाशी सौदा ठरत नाही.

मंगळवेढ्यास १३३८ मध्ये गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा इतरांबरोबर दगावले. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यातून अस्थी वेचल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या आणि पंढरपुरास आणल्या, अशी कथा आहे. प्रेताचा विटाळ, जातीचा विटाळ, हाडांत वसणाऱ्या भुताचे भय, या तिन्ही गोष्टी त्या काळी माणसाला दूर ठेवण्यास पुरेशा होत्या. आयुष्यभर ज्यांना देवळाबाहेर उभे केले गेले, त्यांच्या अस्थी नामदेवांनी स्वतःच्या हातांनी उचलल्या, आणि चोखोबांची समाधी महाद्वारासमोर झाली.

उत्तरेत नामदेवांनी सुमारे वीस वर्षे घालविली, असे मानतात. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांचे ठिकाण. १६०४ साली सिद्ध झालेल्या श्रीगुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. तेथेही विषय तोच. भैरवाची, शीतलेची उपासना करणारा शेवटी त्यांच्याच गतीस जातो, अशा आशयाचे एक पद त्यांत आहे. ते वाचताना महानुभाव अभ्यासकास गीतेच्या नवव्या अध्यायाचे स्मरण झाल्याशिवाय राहणार नाही. एका दगडावर पाय द्यावा आणि दुसऱ्यास देव म्हणावे, या विसंगतीवरही त्यांनी बोट ठेवले आहे. कयाधूकाठी मरीआई, बियासच्या मुलखात शीतला. देवीचे देवी हे दुखणे दोन्हीकडे सारखेच, भयही तेच, आणि नामदेवांचे उत्तरही तेच राहिले. घुमानला २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हे अंतर मराठी माणसाने नव्याने मोजले. नरसीस आता गुरुद्वाराही आहे आणि पंजाबी यात्रेकरू तेथे येतात.

शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीस, इ. स. १३५० मध्ये, पंढरपुरास विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवांनी देह ठेवला. शीख परंपरा त्यांचा अंतकाळ घुमानला मानते. आत गाभाऱ्याजवळ जागा मिळावी असे त्यांना वाटले नाही. देवळात जाणाऱ्यांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती, असे वारकरी सांगतात. त्या ठिकाणास नामदेवांची पायरी म्हणतात. ज्या दगडावर माणसे पाय देतील असे त्यांना वाटले होते, त्यावर आज कोणी पाय देत नाही. आषाढीच्या गर्दीतही लोक ती पायरी ओलांडून जातात. वाकून तिला हात लावतात, आणि काहीजण तिच्यापाशी नवसही बोलतात.